अणूंच्या चित्रांचा अर्थ कसा सांगावा?

सिलिकॉनच्या पृष्ठभागावर ओळीने बसलेले गोळे, तांब्यावर लोखंडाच्या अणूंचे रिंगण आणि त्या रिंगणात उठलेले तरंग, क्सेनॉनचे अणू मांडून लिहिलेली एका कंपनीची आद्याक्षरे. अशी चित्रे गेली तीन-चार दशके पाठ्यपुस्तकांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि विज्ञान प्रदर्शनांत झळकत आली आहेत. त्यांच्याखाली बहुधा एवढेच लिहिलेले असते की हे अणू आहेत. कुतूहल असलेला वाचक नेमका तिथे अडतो. अणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान असतो, म्हणून तो दिसू शकत नाही, असे त्याने शाळेत शिकलेले असते. मग हे चित्र कशाचे? यावर दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. काहींच्या मते ही अणूंची छायाचित्रेच आहेत, शंकेला जागा नाही. इतरांच्या मते हे संगणकाने रंगवलेले आलेख आहेत आणि त्यांना अणूंचे दर्शन म्हणणे ही वाचकाची दिशाभूल आहे. दोन्ही बाजूंकडे वजनदार मुद्दे आहेत. त्यांचा आढावा घेताना मला एक गोष्ट ठळकपणे जाणवते. चित्र अणूसारखे दिसते का, या प्रश्नावर त्याची विश्वासार्हता अवलंबून नाही. वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारी यंत्रे एकाच उत्तराला येऊन मिळतात का, हे पाहावे लागते, आणि सामान्य वाचकाला चित्र समजावून सांगण्याची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

चित्राआधीचा पुरावा

अणू दिसले म्हणून ते मानले गेले, असा समज सहज होतो. इतिहासाचा क्रम उलटा आहे. जॉन डाल्टन यांनी 1808 मध्ये आपला अणुसिद्धान्त ग्रंथरूपाने मांडायला सुरुवात केली आणि रसायनशास्त्राने तो वापरायलाही घेतला, तरी एकोणिसावे शतक संपेपर्यंत अर्न्स्ट माख आणि विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्यासारखे मोठे शास्त्रज्ञ अणूला हिशेबाची सोय मानत होते. त्यांचा आक्षेप पोरकट नव्हता. जे अनुभवाला येत नाही ते आहे असे का मानावे, हा त्यांचा प्रश्न होता. 1905 मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी पाण्यातल्या बारीक कणांच्या अखंड थरथरीचे गणित मांडले आणि ही थरथर पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांमुळे होते, असे दाखवले. त्यानंतर फ्रान्समध्ये झाँ पेरँ यांनी गँबोज नावाच्या पिवळ्या डिंकाचे अतिसूक्ष्म गोल कण पाण्यात सोडले आणि कोणत्या उंचीवर किती कण तरंगतात, ते साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसले. उंच जावे तशी हवा ज्या नियमाने विरळ होते, त्याच नियमाने हे कणही विरळ होत होते. या मोजणीतून ठरावीक वस्तुमानात किती रेणू असतात, तो आकडा निघाला. तोच आकडा इतर अनेक वाटांनीही निघत होता. ओस्टवाल्ड यांनी 1909 मध्ये अणूंचे अस्तित्व मान्य केले. पेरँ यांना 1926 मध्ये नोबेल मिळाले. या सगळ्या काळात एकही अणू कोणी पाहिला नव्हता. परस्परांशी संबंध नसलेल्या मोजण्या एकाच आकड्यावर येऊन थांबतात, एवढ्या एका गोष्टीने भौतिकशास्त्रातला एक दीर्घ वाद मिटवला.

पुढे 1912 मध्ये माक्स फॉन लाऊए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडण्यात आले आणि फोटोच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. त्या ठिपक्यांवरून स्फटिकात अणू कुठे कुठे बसले असतील, याचे गणित ब्रॅग पितापुत्रांनी लगेच पुढच्या वर्षी सुरू केले. म्हणजे अणूंमधली अंतरे चित्रांच्या कितीतरी आधी माहीत झाली होती. पुढे आलेल्या प्रत्येक यंत्राची परीक्षा या आधीच्या हिशेबाशी ताडून झाली, ही बाब लोकप्रिय लेखनात जवळजवळ कधीच येत नाही.

शाळेत शिकलेली अडचण मात्र खरीच आहे. अर्न्स्ट आबे यांनी 1873 मध्ये दाखवले की प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला साधारण अर्ध्या तरंगलांबीहून बारीक तपशील वेगळा काढता येत नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 400 ते 700 नॅनोमीटर असते आणि अणूचा व्यास एका नॅनोमीटरच्या दहाव्या हिश्श्यापासून अर्ध्या नॅनोमीटरपर्यंत. भिंग कितीही उत्तम घासले तरी ही दरी भरून निघत नाही. दुसरे काहीतरी वापरावे लागते.

यंत्रे काय मोजतात

एकेकट्या अणूची ठिकाणे दाखवणारे पहिले यंत्र अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात चालले. तिथे 1955 च्या ऑक्टोबरात एर्विन म्युलर आणि त्यांच्याबरोबर काम करणारे भारतीय संशोधक कंवर बहादूर यांनी टंगस्टनच्या सुईच्या टोकावरचे अणू पडद्यावर पाहिले. सुई अत्यंत टोकदार, थंड केलेली, भोवती अगदी विरळ हेलियम आणि सुईवर हजारो व्होल्टचा धन दाब. टोकावर जो अणू किंचित पुढे आलेला असतो, त्याच्याजवळ विद्युत क्षेत्र सर्वांत तीव्र असते. तिथे आलेल्या हेलियमच्या अणूचा एक इलेक्ट्रॉन हिरावला जातो आणि उरलेला आयन सरळ पडद्याकडे फेकला जाऊन तिथे प्रकाश उमटवतो. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका असा असंख्य हेलियम आयनांच्या माऱ्याने तयार होतो. म्हणून तो ठिपका टंगस्टनच्या अणूचा पत्ता सांगतो. अणूचे रूप त्यात नसते. शिवाय सगळे अणू त्यात येतही नाहीत. पायऱ्यांच्या कडेला असलेले चमकतात आणि सपाट भागातले काळोखात राहतात. तरीही ठिपक्यांची वर्तुळाकार मांडणी टंगस्टनच्या स्फटिकाच्या माहीत असलेल्या रचनेशी तंतोतंत जुळली आणि चित्रावर विश्वास बसला तो त्यामुळे.

दुसरी वाट इलेक्ट्रॉनांच्या झोताची. एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी 1931 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पहिला नमुना बनवला. पण त्याच्या चुंबकीय भिंगांतले दोष आड येत राहिले आणि सुटा अणू दिसायला 1970 साल उजाडले. शिकागो विद्यापीठात अल्बर्ट क्रू यांनी बारीक झोत नमुन्यावरून ओळीओळीने फिरवून पातळ कार्बनवरचे थोरियमचे अणू ठिपक्यांच्या रूपात टिपले. जड अणू इलेक्ट्रॉनांना जास्त विखुरतो, म्हणून तो उजळ दिसतो. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात भिंगांचे दोष दुरुस्त करण्याचे तंत्र साधले आणि या शाखेचा वेग वाढला. 2021 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने एका स्फटिकाचे असे चित्र मिळवले की त्यात उरलेला पुसटपणा मुख्यतः अणूंच्याच उष्णतेच्या कंपनांचा होता. यंत्राचा दोष इतका कमी झाला की अणूंचे हलणेच मर्यादा होऊन बसले.

लोकांच्या मनात ठसलेली चित्रे मात्र तिसऱ्या वाटेने आली. गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोअरर यांनी 1981 मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप उभा केला. धातूची अणकुचीदार सुई पृष्ठभागापासून नॅनोमीटरभराहूनही कमी अंतरावर आणली आणि दोहोंमध्ये थोडा विद्युत दाब ठेवला, की मधली फट ओलांडून अत्यल्प प्रवाह वाहतो. पुंजयामिकीचा हा परिणाम आहे. अंतर नॅनोमीटरच्या फक्त दहाव्या हिश्श्याने वाढले तरी प्रवाह साधारण दहापटीने घसरतो. या नाजूकपणामुळेच यंत्र चालते. प्रवाह कायम ठेवण्यासाठी सुई जितकी वरखाली करावी लागते, ती नोंद म्हणजे चित्र. 1983 मध्ये त्यांनी सिलिकॉनच्या एका पृष्ठभागाचे चित्र प्रसिद्ध केले. रेकॉर्डरने कागदावर काढलेल्या रेघा एकामागे एक रचून त्यांनी त्याचा उठाव तयार केला होता. त्यात प्रत्येक चौकटीत बारा उंचवटे आणि कोपऱ्यांत खोल खळगे होते. त्या पृष्ठभागावर अणू कसे बसतात, यावर अनेक वर्षे वाद चालू होता. या चित्राने बरेचसे पर्याय बाद केले, पण ते वरच्या थरापाशीच थांबले. खालच्या थरांसकट पूर्ण रचना 1985 मध्ये ताकायानागी आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनावरून सुचवली, ती चित्राशी जुळली आणि वाद संपला. चित्र एकटे पुरेसे नव्हते आणि विवर्तनही एकटे पुरेसे नव्हते.

हे यंत्र समजावताना ग्रामोफोनच्या सुईची उपमा सर्रास दिली जाते. सुई तबकडीच्या चरांवरून फिरते तशी ही अणूंवरून फिरते, असे सांगितले जाते. उपमा सोपी आहे आणि बऱ्याच अंशी कामाची आहे, पण तिच्यामुळे एक चुकीची समजूत घर करते. ही सुई पृष्ठभागाला टेकत नाही आणि तिला लागणारी उंची निव्वळ उंची नसते. कोणत्या जागी, कोणत्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन किती उपलब्ध आहेत, याचा हिशेब तिला मिळतो. गॅलियम आर्सेनाइडच्या पृष्ठभागाचे उदाहरण याबाबत फार बोलके आहे. 1987 मध्ये दाखवण्यात आले की विद्युत दाबाची दिशा एका बाजूला ठेवली की आर्सेनिकचे अणू उठून दिसतात आणि ती उलटी केली की त्याच जागेवर गॅलियमचे. पृष्ठभाग तोच, सुई तीच, तरी चित्रातले गोळे बदलतात. ग्राफाइटच्या बाबतीत याहून धक्का देणारी गोष्ट घडते. कार्बनचे अणू षट्कोनांच्या जाळीत बसलेले असतात, पण या यंत्राच्या चित्रात बहुधा एकाआड एक अणूच दिसतो. ज्याच्या बरोबर खाली दुसऱ्या थरातला अणू असतो तो मंदावतो आणि ज्याच्या खाली नसतो तो उजळतो. ज्या वाचकाला हे सांगितलेले नसते, तो षट्कोन शोधत राहतो आणि पुस्तक खोटे की चित्र खोटे, या संभ्रमात पडतो.

दोन भूमिका

या वस्तुस्थितीवरून तत्त्वज्ञांत जी चर्चा झाली तिची दोन मुख्य टोके आजही संदर्भासाठी वापरली जातात. बास फान फ्रासेन यांनी 1980 मध्ये मांडले की विज्ञानाने दृश्य घटनांचा बिनचूक हिशेब द्यावा, तेवढे पुरे. नुसत्या डोळ्यांना जे दिसू शकत नाही त्याच्या अस्तित्वावर विश्वास ठेवण्याची सक्ती कोणावर नाही. या भूमिकेतून पाहिले तर सुईच्या हालचालीची नोंद ही नोंद आहे आणि तिच्यातून अणू ‘दिसला’ असे म्हणणे म्हणजे सिद्धान्ताचा आधार घेऊन केलेले अनुमान. इयान हॅकिंग यांनी याला दिलेले उत्तर प्रयोगशाळेतून आलेले आहे. मोठ्या आकारात शाईने आखलेली आणि अक्षरे घातलेली जाळी फोटोच्या तंत्राने लहान करत करत डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक केली जाते. मग ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की तीच जाळी, तीच अक्षरे दिसतात. आपण स्वतः बनवलेली वस्तू यंत्र बरोबर दाखवते आणि अगदी वेगळ्या तत्त्वांवर चालणारी यंत्रेही तीच दाखवतात. हा सारा चमत्कारिक योगायोग मानायचा का, असे हॅकिंग विचारतात. त्यांचा दुसरा मुद्दा असा की ज्या वस्तूवर हुकमी क्रिया करता येते तिच्या अस्तित्वावर शंका घेणे अवघड होते. त्यांनी हे लिहिले 1983 मध्ये. सहा वर्षांनी डॉन आयग्लर आणि एर्हार्ड श्वाइत्सर यांनी कॅलिफोर्नियातल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत निकेलच्या थंडगार पृष्ठभागावर क्सेनॉनचे 35 अणू सुईने एकेक करून हलवले आणि त्यांची अक्षरे मांडली. 1993 मध्ये त्याच प्रयोगशाळेत तांब्यावर लोखंडाच्या 48 अणूंचे रिंगण रचले गेले, आणि आत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांचे तरंग पुंजयामिकीच्या गणिताने सांगितलेल्या अंतरांवर दिसले.

हॅकिंग यांची बाजू मला अधिक भक्कम वाटते, पण तिच्यावरच्या एका गंभीर आक्षेपाला उत्तर द्यावे लागते. निरनिराळी यंत्रे जुळतात हे खरे, पण ती सगळी एकाच भौतिकशास्त्राच्या आधारे बनवलेली आणि वाचलेली असतात. मग जुळण्याचा पुरावा वर्तुळात फिरत नाही का? हा आक्षेप निकाली निघतो तो तपशिलात गेल्यावर. क्ष-किरणांचे विखुरणे, हेलियमचे आयन होणे, फट ओलांडणारा प्रवाह, जड अणूवरून इलेक्ट्रॉनांचे उसळणे, या चार प्रक्रियांचे नियम वेगळे आहेत आणि चुका होण्याच्या जागाही वेगळ्या आहेत. ग्राफाइटमध्ये निम्मे अणू लपवणारा दोष क्ष-किरणांत शिरत नाही. ज्या वाटा वेगवेगळ्या ठिकाणी चुकू शकतात त्या एकाच अंतरावर, एकाच रचनेवर येऊन मिळतात, तेव्हा वर्तुळाचा आरोप उरत नाही. पेरँ यांनी नेमका हाच युक्तिवाद केला होता.

‘खरे छायाचित्र असते तर पटले असते’ हा सामान्य आक्षेपही इथेच तपासता येतो, कारण तसे छायाचित्र आहे. ऑक्सफर्डचे डेव्हिड नॅडलिंगर यांनी विद्युत सापळ्यात धरलेल्या स्ट्रॉन्शियमच्या एका आयनाचे छायाचित्र बाजारात मिळणाऱ्या साध्या कॅमेऱ्याने, शटर बराच वेळ उघडे ठेवून काढले. लेझरने उजळलेला तो आयन दोन मिलिमीटर अंतरावरच्या विद्युताग्रांच्या मध्ये निळसर ठिपका होऊन दिसतो. इथे प्रकाश आहे, भिंग आहे, कॅमेरा आहे. मात्र ठिपक्याचा आकार प्रकाशाच्या पसरण्याने ठरलेला आहे. आयन त्याहून कितीतरी लहान असतो, आणि त्याची रचना किंवा शेजाऱ्यांशी नाते यांबद्दल तो ठिपका काहीच सांगत नाही. जे चित्र छायाचित्राच्या कसोटीला पूर्ण उतरते ते अणूबद्दल सर्वांत कमी सांगते, आणि ज्याला आलेख म्हणून हिणवले जाते ते सर्वांत जास्त. म्हणून छायाचित्र की आलेख, या वादात वाचकाला ओढण्यात फारसा अर्थ नाही, असे मला वाटते.

बंधांच्या रेषांचा वाद

चित्रावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे समोर आला तो रेणूंच्या चित्रांत. 2009 मध्ये लिओ ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी झुरिकजवळच्या त्याच प्रयोगशाळेत अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपच्या टोकाला कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू चिकटवला आणि पेंटासीनच्या रेणूवरचे बल मोजले. चित्रात पाच षट्कोन एका ओळीत स्पष्ट दिसले, जणू रसायनशास्त्राच्या वहीतली आकृतीच. 2013 मध्ये चीनमधल्या गटाने याच पद्धतीने शेजारच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध रेषांच्या रूपात दिसल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी दोन दिशांनी शंका आल्या. हापाला आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवले की टोकावरचा कार्बन मोनॉक्साइडचा रेणू कलतो आणि दोन अणूंच्या मधोमध तीक्ष्ण रेषा उमटवू शकतो. दुसऱ्या एका गटाने प्रयोगच केला. जिथे कोणताही बंध नसतो अशा दोन नायट्रोजन अणूंच्या मध्येही त्यांना तशीच रेषा मिळाली. रेणूंमध्ये हायड्रोजन बंध असतात याबद्दल कोणालाही शंका नाही. चित्रातली रेषा म्हणजे तो बंध का, एवढाच वाद आहे, आणि त्याचा सर्वमान्य निकाल अजून लागलेला नाही. इलेक्ट्रॉनांच्या कक्षकांबाबतही असेच घडले. 1999 मध्ये तांब्याच्या ऑक्साइडच्या स्फटिकात कक्षक प्रत्यक्ष दिसल्याचे जाहीर झाले, तेव्हा एरिक सेरी यांनी हरकत घेतली की कक्षक ही गणिती रचना आहे आणि मोजता येते ती इलेक्ट्रॉनांची घनता. या दोन्ही प्रसंगांत चित्र ओळखीच्या आकृतीसारखे दिसले, म्हणून ते लवकर पटले. वाचकाला सावध करायचे तर ते याच जागी करावे लागते.

रंग, उंची आणि मथळा

अणूला आपल्या नेहमीच्या अर्थाने रंग नसतो, तरी चित्रांत निळे-सोनेरी अणू असतात. लोखंडाच्या अणूंचे तेच रिंगण एका छापील आवृत्तीत निळे-तांबडे तर दुसरीत आणखी वेगळे दिसते. उंची अनेकदा मुद्दाम वाढवलेली असते आणि बाजूने प्रकाश पडल्यासारख्या सावल्या संगणकाने टाकलेल्या असतात. यावर काहींचे म्हणणे असे की सामान्य वाचकांसाठी छापताना अशी सजावट काढूनच टाकावी. दुसऱ्यांचे म्हणणे, रंगांशिवाय चढउतार डोळ्यांना कळतच नाहीत आणि नकाशात डोंगर तपकिरी दाखवला म्हणून कोणी फसत नाही. मला दुसरी बाजू जवळची वाटते, पण एका अटीवर. नकाशाला सूची असते आणि अणूंच्या चित्रांना बहुधा ती नसते. मथळ्यात तीन गोष्टी आल्या तर बहुतेक गैरसमज टळतात: काय मोजले, रंग कशाचे आणि मोजपट्टी किती. याला ‘वाचकाला एवढा तपशील पेलत नाही’ असे उत्तर दिले जाते. पण हवामानाच्या नकाशावरचे दाबाचे आणि पावसाचे रंग हाच वाचक रोज सूची पाहून वाचतो. गॅलियम आर्सेनाइडची दोन चित्रे शेजारी छापून खाली विद्युत दाबाची दिशा लिहिली, तर ती समजायला पदवी लागत नाही.

अजून न सुटलेले

बंधांच्या रेषांचा प्रश्न वर आलाच आहे. दुसरा प्रश्न नवा आहे आणि माझ्या मते अधिक काळजीचा. इलेक्ट्रॉनांच्या झोताने नमुना बिघडतो, म्हणून झोत शक्य तितका मंद ठेवतात आणि चित्र धूसर येते. ते स्वच्छ करण्यासाठी आता संगणकाला हजारो चित्रांवर शिकवून तयार केलेल्या पद्धती वापरल्या जातात. स्वच्छ झालेल्या चित्रात एखाद्या जागी अणू दिसला, तर तो नमुन्यातून आला की संगणकाला शिकवलेल्या चित्रांतून, हे नुसते पाहून सांगता येत नाही. तपासायचे तर कच्ची नोंद हवी आणि शक्यतो दुसऱ्या तत्त्वावरचे मोजमाप हवे. कच्च्या नोंदी खुल्या ठेवण्याची पद्धत वाढते आहे, पण ती सगळीकडे सारखी नाही. वर्तमानपत्रापर्यंत किंवा पाठ्यपुस्तकापर्यंत तर फक्त स्वच्छ केलेले चित्र पोहोचते. ते किती आणि कशाने स्वच्छ केले, हे मथळ्यात लिहावे का आणि सामान्य वाचकाला कळेल असे ते कसे लिहावे, यावर अजून एकमत झालेले नाही.